इन्फ्रारेडसाठी लेन्स पारखायची कशी?

इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या प्रकाशात फोटो काढण्याचा नाद लागला त्या पहिल्या मोसमात मी एका भर दुपारी दीडशेच्या वर फोटो काढले. पांढरीशुभ्र झाडं, काळंभोर आकाश, पाण्यावर शाई सांडल्यासारख्या सावल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले, तर प्रत्येक फोटोच्या बरोबर मधोमध एक फिकट गोल. काचेवर तोंडाची वाफ सोडावी आणि ती पुसायची राहून जावी, तसा. एका फोटोत तो झाडाच्या खोडावर, दुसऱ्यात आकाशात, तिसऱ्यात बाकावर बसलेल्या माणसाच्या छातीवर. चौकटीतली जागा मात्र तीच.

लेन्स माझी सगळ्यात लाडकी. साध्या फोटोंमध्ये तिच्याबद्दल कधी तक्रार करायची वेळ आली नव्हती. मी सगळे फोटो एफ/१६ वर काढले होते (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं, ॲपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), कारण निसर्गाचे फोटो असेच काढायचे हे डोक्यात घट्ट बसलेलं. तीच लेन्स एफ/५.६ वर ठेवली असती तर तो डाग दिसलाही नसता, हे पुढच्या आठवड्यात अर्ध्या तासाच्या चाचणीत कळलं. ती चाचणी आधी केली असती तर दुपार वाया गेली नसती.

तर हा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल. नव्याने या वाटेला आलेल्यांनी नवी लेन्स घेण्याआधी घरात असलेल्या लेन्स तपासून पाहाव्यात, हा त्यामागचा हेतू. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: ‘ही लेन्स इन्फ्रारेडला चांगली का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या कॅमेऱ्यावर, कुठल्या फिल्टरमागे आणि कुठल्या ॲपर्चरला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. चांगल्या-वाईट लेन्सच्या तयार याद्या मिळतात, आणि जुनी लेन्स विकत घेताना मी स्वतः त्या चाळतो. पण त्या दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावरच्या असतात. साध्या प्रकाशात सुमार म्हणून कपाटात टाकलेली, कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स इन्फ्रारेडमध्ये महागड्या लेन्सच्या वरचढ निघते, असं अनेकदा होतं. किमतीचा आणि या गुणाचा फारसा संबंध नाही.

थोडं मुळातून

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. लाल रंगाच्या पलीकडेही काहीतरी आहे हे विल्यम हर्शल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापक वापरून दाखवलं. कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर त्या पलीकडचंही बरंच काही टिपू शकतो, ढोबळमानाने १००० नॅनोमीटरच्या थोडं पुढेपर्यंत. साध्या फोटोत हा प्रकाश लुडबुड करतो, म्हणून कंपन्या सेन्सरपुढे तो अडवणारी एक काच बसवतात. इन्फ्रारेडसाठी कॅमेरा ‘कन्व्हर्ट’ करणं म्हणजे ही काच काढून तिच्या जागी दुसरा फिल्टर बसवणं. कन्व्हर्ट न करता लेन्सपुढे इन्फ्रारेड फिल्टर लावूनही फोटो निघतो. फक्त आतली काच आणि बाहेरचा फिल्टर एकमेकांच्या विरोधात काम करतात, त्यामुळे लख्ख उन्हातही काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत एक्सपोजर द्यावं लागतं.

फिल्टरवर लिहिलेला ७२०, ८३० किंवा ८५० हा आकडा म्हणजे साधारण कुठून पुढचा प्रकाश तो आत सोडतो ती सीमा. होया कंपनीचा आर७२ हा सगळ्यांच्या परिचयाचा फिल्टर ७२० नॅनोमीटरचा. ५९० आणि ६६५ वाले थोडा दिसणारा लाल प्रकाशही सोडतात, त्यामुळे रंगांशी खेळायला जास्त वाव मिळतो.

झाडं पांढरी दिसतात ती पानांच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या हा प्रकाश भरपूर परतवतात म्हणून. हरितद्रव्य त्याला अडवतच नाही. याला ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. लाकडाशी काही संबंध नाही, १९१० साली असे फोटो प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वुड यांचं ते नाव.

आता लेन्सकडे. लेन्सच्या काचांवरचे थर दिसणाऱ्या प्रकाशाचं परावर्तन कमी करण्यासाठी असतात. ७०० च्या पुढे त्यांची हमी नाही. आतला काळा रंगही डोळ्याला काळा आहे एवढंच. हे पटत नसेल तर एखाद्या काळ्या बॅगेचा इन्फ्रारेडमध्ये फोटो काढा. माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा काढला तेव्हा कापड राखाडी आलं, पट्टा त्याहून उजळ, चेनची पट्टी तेवढी काळी, आणि शिवणीचा काळा दोरा चक्क पांढऱ्या टाक्यांसारखा उमटला. डोळ्याला अखंड काळी दिसणारी बॅग चार वेगवेगळ्या रंगांची निघाली. लेन्सच्या नळीत, ॲपर्चरच्या पात्यांवर, काचांच्या कडांवर लावलेल्या काळ्या रंगाचंही हेच होऊ शकतं. मग सेन्सरवरून उलटा फिरलेला प्रकाश आत भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो आणि मधोमध साचतो. तोच हॉटस्पॉट.

पायरी १: प्रकाश आणि जुळवाजुळव

आधी कॅमेऱ्याला इन्फ्रारेड कितपत दिसतं ते बघा. टीव्हीचा रिमोट लेन्सकडे धरून बटण दाबा. पडद्यावर रिमोटच्या टोकाला दिवा लुकलुकला तर काहीतरी आत येतंय. कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यात तो टॉर्चसारखा भगभगीत दिसतो, न केलेल्यात मिणमिणता किंवा अजिबात नाही.

चाचणी उन्हात करा. घरातच करायची असेल तर तारेचा जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लागेल. एलईडी दिव्याखाली करू नका. तो जवळजवळ सगळी ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशातच देतो, इन्फ्रारेड नाहीच म्हटलं तरी चालेल. झगझगीत उजेडाच्या खोलीत कॅमेरा पार आंधळा झाल्यासारखा वागतो आणि नवखा माणूस लेन्सला दोष देत बसतो. मी बसलो होतो.

बाकी तयारी थोडक्यात: ट्रायपॉड, रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली) फाइल, मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) एकच ठेवायचा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद. लेन्सपुढे यूव्ही किंवा ‘संरक्षणासाठी’ म्हणून लावलेली काच असेल तर काढा. तिचं स्वतःचं परावर्तन निकालात मिसळतं. लेन्सची पुढची आणि मागची काच पुसून घ्या. हूड असेल तर लावा.

पायरी २: व्हाइट बॅलन्स

उन्हातल्या हिरव्या गवतावर किंवा पानांवर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे कुठला रंग तटस्थ धरायचा ते कॅमेऱ्याला शिकवा. तो नाही घेतला तर पडद्यावर सगळं लालभडक दिसेल आणि त्या लालीत डाग लपेल. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कलर टेम्परेचर २००० केल्विनच्या खाली जात नाही, त्यामुळे तिथे रॉ फाइल पुन्हा लाल दिसली तर घाबरू नका. चाचणीपुरतं सगळं कृष्णधवल करून बघितलं तरी बहुतेक काम होतं.

पायरी ३: हॉटस्पॉट

खरा वेळ इथे द्यायचा.

दोन दृश्यं निवडा. पहिलं साधं: ऊन अंगावर घेतलेली, खुणा नसलेली भिंत किंवा नुसतं निरभ्र आकाश. दुसरं मुद्दाम अवघड: चौकटीच्या मधोमध गडद भाग आणि भोवती उजळ पानं. मधल्या गडद भागासाठी काळं कापड नको, त्याचं काय होतं ते बॅगेने दाखवलंच आहे. अंधाऱ्या खोलीचं उघडं दार, भिंतीतला कोनाडा, झुडपातली खोल पोकळी असं काहीतरी शोधा. भोकातला अंधार कुठल्याही तरंगलांबीत अंधारच राहतो. हॉटस्पॉट म्हणजे फोटोवर वरून पसरलेलं जास्तीचं दूध. ते उजळ भागात मिसळून जातं, गडद भागात लगेच ओरडतं. भिंतीवर पास झालेली लेन्स या दुसऱ्या दृश्यात नापास झालेली मी पाहिली आहे, उलटं कधी झालेलं नाही.

आता फोटोंची माळ. सगळ्यात मोठ्या ॲपर्चरपासून सुरू करून एकेक स्टॉप खाली या (एक स्टॉप म्हणजे आत येणारा उजेड निम्मा), आणि प्रत्येक वेळी शटरचा वेळ दुप्पट करा, म्हणजे उजेड सारखा राहील. उदाहरणार्थ एफ/४ ला १/५०० सेकंद बसत असेल, तर ५.६ ला १/२५०, ८ ला १/१२५, ११ ला १/६०, १६ ला १/३०. कॅमेऱ्याचा मीटर दिसणाऱ्या प्रकाशासाठी जुळवलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. पहिला फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळतेचा आलेख बघा, डोंगर साधारण मध्यावर आला की तिथून माळ सुरू. तीनही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर तो बघा. लाल आधी फुटतो.

सूर्य पाठीमागे ठेवून एक माळ झाली की कॅमेरा वळवून ऊन तिरपं समोरून येईल अशी दुसरी माळ काढा. झूम लेन्स असेल तर किमान तीन जागा: सुरुवात, मध्य, शेवट. याला खरंच पर्याय नाही. एकच झूम लेन्स एका टोकाला निर्दोष आणि दुसऱ्या टोकाला बटबटीत डागाची असू शकते. वेळ असेल तर जवळच्या वस्तूवर फोकस करूनही दोन फोटो काढा.

पडद्यावर आल्यावर फोटो कृष्णधवल करा आणि कॉन्ट्रास्ट बेसुमार वाढवा, फोटोची पार वाट लागेपर्यंत. मग फोटो लहान करून ओळीने एकामागून एक बघा. सावकाश नाही, पटापट, चित्रवही फडफडवल्यासारखं. एकेका फोटोकडे टक लावून बघितलं की डोळा सरावतो आणि डाग दिसेनासा होतो. पटापट बदलताना मधला भाग ‘श्वास घेताना’ दिसला, की तिथे काहीतरी आहे.

इथे बरेच जण फसतात. मोठ्या ॲपर्चरला बहुतेक लेन्स कोपऱ्यात अंधार पाडतात, त्यामुळे मधला भाग आपोआप उजळ वाटतो. तो हॉटस्पॉट नव्हे. ओळखायचं कसं? ॲपर्चर लहान करत जा. कोपऱ्यांचा अंधार कमी होत जातो. हॉटस्पॉट मात्र उलट वागतो: एफ/४ ला पसरट, धूसर, असून नसल्यासारखा, एफ/११ ला आटोपशीर, एफ/१६ ला कडा असलेला, कधी कधी तर ॲपर्चरच्या पात्यांइतके कोन मोजता येतील असा. ॲपर्चर लहान करताना वाढतो तो हॉटस्पॉट, घटतो तो कोपऱ्यांचा अंधार.

डोळ्यावर भरवसा नसेल तर मोजा. साध्या भिंतीच्या फोटोत मधल्या चौकोनाची सरासरी उजळता घ्या, मग मध्यापासून कोपऱ्याच्या अर्ध्या वाटेवर चारही दिशांना तेवढेच चौकोन घेऊन त्यांची. मधला आकडा आणि या चार आकड्यांची सरासरी यांतला फरक प्रत्येक ॲपर्चरला लिहा. फरकाचा आकडा किती याला फार महत्त्व नाही. तो एफ/८ नंतर अचानक चढायला लागतो का, हे बघायचं.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. कृष्णधवलमध्ये स्वच्छ दिसणारी लेन्स रंगीत इन्फ्रारेडमध्ये गोत्यात आणू शकते. ५९०, ६६५ किंवा ७२० च्या फिल्टरने काढलेल्या फोटोत लाल आणि निळ्या चॅनलची (फोटोतल्या एकेका रंगाच्या थराची) अदलाबदल करून आकाश निळं करायची पद्धत आहे. हॉटस्पॉट प्रत्येक चॅनलमध्ये सारखा नसतो. त्यामुळे अदलाबदल केली, रंग ताणले, की निळ्या आकाशाच्या मधोमध जांभळट किंवा तपकिरी चकती उगवते. तुम्हाला रंगीत काम करायचं असेल तर तिन्ही चॅनल सुटे करून बघा. फक्त कृष्णधवलच करायचं असेल तर हा परिच्छेद विसरा.

पायरी ४: फोकस

इन्फ्रारेड किरण लेन्समध्ये दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा कमी वळतात आणि थोडे मागे जाऊन एकत्र येतात. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकसच्या मुख्य रेघेशेजारी एक छोटा लाल ठिपका, रेघ किंवा ‘आर’ हे अक्षर असतं, ते याचसाठी. आधी नेहमीसारखा फोकस करायचा, मुख्य रेघेसमोर आलेलं अंतर वाचायचं, आणि रिंग फिरवून तेच अंतर लाल खुणेसमोर आणायचं. नव्या लेन्समधून ही खूण जवळजवळ हद्दपार झाली.

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा कन्व्हर्ट केलेला असेल तर तुम्ही सुटलात म्हणायला हरकत नाही, कारण तो सेन्सरवर पडलेल्या इन्फ्रारेड चित्रावरच फोकस करतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करणारा सेन्सर वेगळा असतो. कन्व्हर्ट करणारे तो बहुधा एखाद्या ठरावीक लेन्सला जुळवून देतात. दुसरी लेन्स लावली की पुन्हा फरक. तिथे लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, वापरणं शहाणपणाचं. आणि डीएसएलआर कन्व्हर्टच केलेला नसेल, लेन्सपुढे ७२० चा फिल्टर असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता काळोख. फिल्टर लावण्याआधी फोकस करायचा, ऑटोफोकस बंद करायचा, मग रिंगला धक्का न लावता फिल्टर फिरवून बसवायचा. हे वाचायला सोपं वाटतं.

तपासायचं असं. जाड पुस्तकं किंवा डबे एकामागे एक, प्रत्येक थोडं बाजूला सरकवून, तिरप्या रांगेत मांडा. मधल्यावर फोकस करा. सगळ्यात मोठ्या ॲपर्चरला एक फोटो ऑटोफोकसने, एक पडद्यावर चित्र मोठं करून हाताने फोकस लावून. दोन्हींत सर्वांत धारदार कोणतं पुस्तक आलं ते बघा. ऑटोफोकसवाल्या फोटोत मागचं पुस्तक धारदार निघालं, तर कॅमेरा दिसणाऱ्या प्रकाशाच्या हिशेबाने फोकस करतोय. मिररलेसवाल्यांनीही एकदा हे करून बघावं; चुकला तर थोडाच चुकतो, पण मोठ्या ॲपर्चरला तेवढंही दिसतं.

पायरी ५: धार

ॲपर्चर लहान केलं की धार वाढते हे अर्धसत्य इन्फ्रारेडमध्ये आणखी अर्धं होतं. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो आणि प्रत्येक बिंदूची एक छोटी चकती बनते. तिचा व्यास काढायचं सूत्र सोपं: २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-क्रमांक. हिरव्या प्रकाशाला, म्हणजे ५५० नॅनोमीटरला, एफ/८ वर ही चकती १०.७ मायक्रॉनची. ७२० ला तीच १४ मायक्रॉनची, ८५० ला १६.६. म्हणजे ८५० च्या फिल्टरने एफ/८ वर काढलेला फोटो या बाबतीत साध्या फोटोतल्या एफ/१२ च्या आसपास वागतो. शिवाय ७२० चा फिल्टर फक्त ७२० चाच नव्हे, त्यापुढचाही प्रकाश सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात चकती आणखी मोठी. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो, हे शेजारी ठेवून बघा.

थोडक्यात, हॉटस्पॉट आणि धार दोघेही तुम्हाला मोठ्या ॲपर्चरकडे ढकलतात. मी बहुतेक लेन्सवर ५.६ ते ८ च्या बाहेर जात नाही.

पण मोठ्या ॲपर्चरला कोपरे विस्कटतात, म्हणून तेही बघायचं. दूरवर बारीक तपशील असलेलं काहीतरी घ्या: विटांची भिंत, कौलारू छप्पर, पर्णहीन फांद्या. चौकट अशी लावा की तपशील मध्यात आणि चारही कोपऱ्यांत यावा. पुन्हा ॲपर्चरची माळ. पूर्ण आकारात मध्य आणि कोपरे बघा. कोपरे मऊ वाटले तर एक फोटो कोपऱ्यावर फोकस करून काढा. आता कोपरा धारदार आणि मध्य मऊ आला, तर लेन्स बिघडलेली नाही, तिचं फोकसचं प्रतल इन्फ्रारेडमध्ये वाकतं. एखादा स्टॉप लहान केल्यावर ते बरंचसं झाकलं जातं. एकच कोपरा सतत मऊ येत असेल, तर साध्या प्रकाशातही तो तसाच येतो का बघा. येत असेल तर लेन्स आतून कललेली आहे आणि इन्फ्रारेडचा यात काही दोष नाही.

पायरी ६: उजेडाकडे तोंड

सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून एक फोटो हूडसह, एक हूडशिवाय. दुसऱ्यात काळ्या सावल्या राखाडी झाल्या तर या लेन्सला हूडशिवाय बाहेर न्यायचं नाही. एवढंच.

कॅमेरा कन्व्हर्ट केलेला नसेल तर

एक्सपोजर लांबलचक, म्हणून चाचणी संथ होते आणि दोन भलतेच चोर आत शिरतात. एक डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून. वीस-तीस सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये मागून येणारं ऊन आत झिरपतं आणि फोटोत पट्टे किंवा धुकं उमटतं. मागची खिडकी झाका. दुसरा लेन्समधूनच: काही लेन्सवर अंतर दाखवणारी छोटी काचेची खिडकी असते, तिच्यातून. चाचणीत विचित्र जागी फिकट डाग दिसला, जो मधोमध नाही आणि ॲपर्चरबरोबर बदलत नाही, तर ती खिडकी आणि लेन्स-कॅमेऱ्याचा जोड यांवर जाड कापड गुंडाळून तोच फोटो पुन्हा काढा. कापड काळंच हवं असं नाही, जाड हवं. डाग गेला तर लेन्सची निर्दोष सुटका.

ढगांची ये-जा असेल त्या दिवशी ही चाचणी करू नका. एकेका फोटोला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात ऊन बदलतं आणि माळेतले दोन फोटो एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

नोंद

मॅन्युअल लेन्स ॲडॉप्टरवर लावली असेल तर फोटोच्या फाइलमध्ये ॲपर्चरची नोंद होत नाही. माळ काढताना प्रत्येक फोटोच्या आधी मोठ्याने आकडा म्हणायचा आणि वहीत लिहायचा, ही माझी पद्धत. शेजारी उभं राहून बघणाऱ्याला ती वेडेपणाची वाटते. पण आठ सारखे दिसणारे भिंतीचे फोटो पडद्यावर उघडून ‘यातला अकरा कुठला?’ हे ओळखायचा प्रयत्न एकदा करून बघाच.

फिल्टर बदलला की चाचणी पुन्हा. ७२० ला गुणी असलेली लेन्स ८५० ला गुणी असेलच असं नाही, बऱ्याचदा नसते. कॅमेरा बदलला तरी पुन्हा, कारण डाग घडवण्यात सेन्सर आणि त्याच्यापुढची काच दोघांचाही हात असतो. धार आणि फोकसची चाचणी वगळून नुसती हॉटस्पॉटची माळ दहा मिनिटांत होते.

डाग निघालाच तर

लेन्स विकायला काढू नका. आधी ॲपर्चर एक-दोन स्टॉप मोठं करून बघा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. झूम असेल तर डागाची टोकं टाळा. सूर्य पाठीशी ठेवा. मधोमध गुळगुळीत आकाश येईल अशी रचना टाळा; झाडाझुडपांच्या गर्दीत सौम्य हॉटस्पॉट कुणाच्या लक्षातही येत नाही.

फोटो काढून झालेला असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये मध्यावर गोल मास्क टाका, कडा खूप मऊ ठेवा, उजळता किंचित कमी करा आणि कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा. नुसती उजळता कमी केली तर फिकट डागाच्या जागी मळकट डाग येतो, कारण तिथला खरा काळा रंग त्या दुधात बुडालेला असतो. कॉन्ट्रास्टने तो वर काढायचा. रंगीत फोटोत त्याच मास्कमध्ये रंगाचा तोलही सुधारावा लागतो, आणि तिथे मात्र चिकाटीची परीक्षा होते. कडा उमटलेला, एफ/१६ चा कोनदार डाग असेल तर मी प्रयत्नच करत नाही.

लाडकी लेन्स अजून माझ्याकडेच आहे. तिच्या झाकणाला आतून कागदाची एक पट्टी चिकटवली आहे: ‘७२० – आठपर्यंत. ८५० – पाच-सहापर्यंत. हूड विसरू नको.’